बाटलीत जे नव्हतं

१

चौथ्या गेममध्ये सहा-अकरा असताना जितेंद्र सबनीसांनी सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला. तो खाली आला तेव्हा त्याला मारायला तिथे कोणी नव्हतं. सबनीस बाकाला धडकून उजव्या कुशीवर पडले होते आणि चेंडू एकटाच टकटक करत जाळीपर्यंत गेला.

अंपायरच्या खुर्चीतून वसुमतीबाई पाळंदे एकाहत्तराव्या वर्षी जेवढ्या लगबगीने उठता येईल तेवढ्या उठल्या. सबनीसांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती.

"जितू! ए जितू, बघ की माझ्याकडं!" टेबलाच्या पलीकडून शिवाप्पा हुक्केरी धावत आले आणि मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बाकावरची सबनीसांची स्टीलची बाटली कलंडली होती. तिच्यातलं उरलंसुरलं पाणी फरशीवर पसरत होतं.

कन्नड मुलखातल्या या शहरात, बनशंकरीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात, दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी हा सामना होई. सबनीस पुण्याचे, शिवाप्पा अथणीचे. १९७८ साली यशवंतपूरच्या पलीकडे एका सरकारी कारखान्यात दोघे एकाच दिवशी रुजू झाले आणि त्याच संध्याकाळी कारखान्याच्या क्लबात एकमेकांसमोर बॅट घेऊन उभे राहिले. पुढे क्लब बंद पडला, तेव्हा भंगारात निघालेलं ते हिरवं टेबल त्यांनी लॉरीत घालून इथे आणलं. जगात टेबल टेनिसचा गेम अकरा गुणांचा होऊन जमाना लोटला, तरी या दोघांचा गेम एकवीसचाच राहिला. वसुमतीबाईंचे यजमान त्याच कारखान्यातले. ते होते तोवर अंपायर तेच असत; ते गेल्यावर खुर्ची बाईंकडे आली.

गेली अकरा वर्षं शिवाप्पाच जिंकत आले होते. यंदा मात्र सबनीसांनी पहिले दोन गेम घेतले. दुसरा संपला तेव्हा सभागृहातली चाळीसेक पिकली माणसं उभी राहून ओरडत होती. क्षणभर वसुमतीबाईंना वाटलं, आता भोंगा होईल, पहिल्या पाळीची बस येईल आणि ही सगळी मंडळी डबे घेऊन धावत सुटतील. तिसऱ्या गेममध्ये सबनीसांचा हात भलतीकडेच जायला लागला. चौथ्यात हे असं.

रुग्णवाहिकेत शिवाप्पा मित्राशेजारी बसून गेले. मागून रिक्षाने वसुमतीबाई आणि सबनीसांचा नातू अर्णव पोचले, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दारात नर्स सांगत होती, "शुगरमुळे झालंय."

"शुगर?" शिवाप्पा तिच्या अंगावरच गेले. "असं कसं हो? त्यात साखरेचा कणसुद्धा नव्हता की!"

"वाढली नाही हो अंकल, कमी झालीय. फार कमी. चौतीस."

शिवाप्पांचा चेहरा विझल्यासारखा झाला. ते भिंतीला टेकत टेकत खाली सरकले आणि फरशीवरच बसून राहिले. ग्लुकोज चढवलं होतं, पण सबनीस अजून शुद्धीवर नव्हते. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, असं डॉक्टर म्हणाले.

तिकडे सभागृहात कोणाला तरी बाकाखाली एक उघडा कॅन सापडला. चंदेरी, हिरव्या लिंबाच्या चित्राचा. साखर नसलेलं एनर्जी ड्रिंक. अर्णव महादेवपुऱ्यात अशी पेयं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला होता. सामन्याला आलेल्यांना फुकट वाटायला त्यानेच दोन खोकी आणली होती. दुपारी दोनपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर निकाल लागला: नातवाच्या विषाने आजोबा पडले. संध्याकाळपर्यंत पोलिसात तक्रार करा, असं म्हणणारे सात जण झाले.

अर्णव थेट वसुमतीबाईंकडे आला. तेवीस वर्षांचा पोरगा, डोळे सुजलेले.

"वसुआजी, सीरियसली सांगतो, तो कॅन माझा होता. मी प्यायलो. आजोबांनी आमचं ड्रिंक हातातसुद्धा घेतलं नाही. तुम्ही फूड लॅबमध्ये होतात ना? तुम्ही सांगा ना सगळ्यांना!"

२

वसुमतीबाईंनी बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले होते. दुधातलं पाणी, तिखटातली विटेची भुकटी, तुरीच्या डाळीवरचा पिवळा रंग. निवृत्त झाल्यावरही वाण्याच्या दुकानात पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत त्या एवढा वेळ उभ्या राहत की मागची गिऱ्हाइकं "स्वल्प सरका अम्मा" म्हणत.

त्यांनी चष्मा पुसला आणि कॅन फिरवून वाचला.

"कॅफीन. एका कॅनमध्ये पाऊणशे मिलिग्रॅम, म्हणजे एका कडक कॉफीएवढं. टॉरिन. ब गटातली जीवनसत्त्वं. दोन कृत्रिम गोडवे. आणि उष्मांक..." त्या थांबल्या. "अख्ख्या कॅनमध्ये दहासुद्धा नाहीत. अर्णव, यात ऊर्जा कुठे आहे रे?"

"आजी, ती एनर्जी कॅफीनची. म्हणजे फील होते. फ्रेश वाटतं."

"वाटतं. पोटात काही जात नाही." त्यांनी कॅन खाली ठेवला. "जास्त प्यायलं तर धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते, रक्तदाब चढतो. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये, असं तुम्हीच इथे छापलंय. पण यातल्या कशानेही माणसाची साखर चौतीसवर येत नाही."

"म्हणजे आम्ही सुटलो?"

"असं मी म्हटलेलं नाही. चल, सभागृह उघडू."

चार वाजले होते. खिडक्यांतून तिरकं ऊन टेबलावर आलं होतं आणि सगळं सकाळी सोडून गेले तसंच पडलं होतं; फक्त सबनीसांची बाटली कोणीतरी उचलून नेली होती. गडबडीत कोणाच्या तरी हातून केसरीभाताची बशी बाकाजवळ उपडी झाली होती. त्या सभागृहातल्या तांबड्या मुंग्या मंडळात बदनाम होत्या. प्रसादाचं ताट पाण्याच्या परातीत ठेवल्याशिवाय आरती सुरू होत नसे. आता त्या केसरीभातावर तुटून पडल्या होत्या. खिडकीपासून बशीपर्यंत त्यांची जाड रांग लागली होती.

वसुमतीबाई ती रांग बघत राहिल्या. बाटलीतलं पाणी सांडून वाळल्याचा डाग बरोबर तिच्या वाटेत होता. मुंग्या त्या डागावर चढत होत्या, सरळ पलीकडे उतरत होत्या. एकही थांबत नव्हती.

गुडघ्यावर हात ठेवून बाई कशाबशा वाकल्या आणि डागावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं नाही.

"अर्णव, आजोबा बाटलीत काय आणायचे?"

"आजीचं लिंबू सरबत. मी शाळेत असल्यापासून तेच."

"साखर घालून?"

"ऑफकोर्स. भरपूर."

बाईंनी बोट पदराला पुसलं. "या बाटलीत साखर नव्हती," त्या म्हणाल्या.

३

सोमवारी सकाळी त्या सबनीसांच्या घरी गेल्या. कल्पनावहिनी दवाखान्यातून आंघोळीपुरत्या आल्या होत्या. त्यांची सून देवश्री, अर्णवची आई, डबा भरत होती. या स्वयंपाकघरात वसुमतीबाईंनी चाळीस वर्षं दिवाळीचा फराळ चाखला होता. फडताळात कारखान्याच्या वार्षिक दिनाला मिळालेले पितळी डबे अजून ओळीने उभे होते, प्रत्येकावर साल कोरलेलं.

"दोन लिंबं, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे साखर," कल्पनावहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षं हेच करतेय. वसू, तुला म्हणून सांगते. ते सरबत नव्हे, औषध आहे."

"म्हणजे?"

"ह्यांना नऊ वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. खेळलं, चाललं की कधीकधी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात. तेव्हा हे चार घोट घेतले की दहा मिनिटांत माणूस ठिकाणावर. पण बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी शपथ घातलीय. मंडळात नाही, शिवाप्पांना तर मुळीच नाही. सगळ्यांना सांगतात, घशाला बरं पडतं. काल सकाळी इंजेक्शन घेतलं आणि सामन्याच्या उत्साहात एक इडली खाऊन उठले. मी म्हटलं, अहो खा. तर म्हणे, बाटली आहे ना."

"चव वेगळी लागली असती तर त्यांना कळलं नसतं?"

"कसं कळणार? करोना झाल्यापासून नाकाला वासच नाही. गोड आहे की आंबट, एवढंच कळतं. परवा हिंग घातलाय की नाही, ते मला विचारत होते."

"बाटली कुठे आहे?"

देवश्रीचा हात थांबला. "मी धुतली. काल सभागृहातून आणली ती घरी आल्या आल्या. सवयीने, मावशी."

ओट्यावर साखरेची काचेची बरणी होती. त्यांनी झाकण काढलं, चिमूटभर दाणे जिभेवर ठेवले. गोड लागलं आणि पाठोपाठ जीभ गार पडली, पेपरमिंटची गोळी चघळल्यासारखी.

"देवश्री," त्या हळूच म्हणाल्या, "साखर जिभेवर अशी गार लागत नाही."

देवश्रीच्या हातातलं डब्याचं झाकण खणकन खाली पडलं.

४

"मी बदलली," देवश्री खुर्चीवर बसत म्हणाली. "पंधरा दिवस झाले. ही साखरेसारखी दिसते, पण साखर नाही. बाबांचे रिपोर्ट वाईट आले होते. आई चहात दोन-दोन चमचे घालतात. सांगितलं तर घरात वाद होणार, म्हणून मी गुपचूप... मावशी, मला माहीत नव्हतं हो ते पाणी कशासाठी असतं! मला कोणी सांगितलंच नाही या घरात!" तिला हुंदका आवरेना. "म्हणजे मीच मारलं त्यांना."

वसुमतीबाईंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. साखर नाही, मुंग्या नाहीत, बोट चिकटलं नाही. सगळं बसत होतं.

तेवढ्यात कल्पनावहिनी उठल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नकोस. तुझ्या त्या बरणीतलं मी त्यांच्या बाटलीत घातलंच नाही."

"अं?"

"पहिल्याच चहाला मला कळलं होतं. चाळीस वर्षं साखर वापरतेय मी. म्हटलं, पोरीला वाटतंय तर राहू दे बरणी." त्यांनी देवघराखालचा कप्पा उघडला. आत तुपाच्या जुन्या डब्यात पांढरीशुभ्र साखर होती. "बाटलीची साखर इथली. रविवारीही इथलीच घातली, तीन चमचे."

वसुमतीबाईंनी चाखली. साखरच होती.

म्हणजे सकाळी घरातून निघालेल्या बाटलीत साखर होती आणि अकराच्या सुमारास फरशीवर सांडली तेव्हा नव्हती. अदलाबदल सभागृहात झाली होती.

आणि तेव्हा बाईंना आठवलं. दुसरा गेम संपल्यावर सबनीस त्यांच्या खुर्चीशेजारीच उभे होते. टाळ्यांच्या गोंगाटात त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं, तेव्हा एक बारीकसा आवाज आला होता. फुस्स. लहानपणी सोड्याच्या बाटलीतली गोटी आत ढकलली की यायचा तसा, पण मेलेला. तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

लिंबूपाणी फुस्स करत नाही.

५

कोपऱ्यावरच्या बेकरीत मंजुनाथकडे नोटा तपासायचा निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा होता. "आज एक दिवस दे रे," म्हणत वसुमतीबाईंनी तो मागून घेतला. सभागृहामागे सतरंज्या ठेवायची बिनखिडकीची खोली होती. तिथे अर्णवला घेऊन त्यांनी दार लावलं.

"नोकरीला लागले तेव्हा आमच्या लॅबमध्ये असा एकच दिवा होता," त्या अंधारात म्हणाल्या. "त्याच्यासाठी रांग लागायची. ब-दोन नावाचं जीवनसत्त्व या उजेडात पिवळं-हिरवं पेटतं. तुमच्या कॅनवर ते चौथ्या नंबरला छापलंय. आधी हे बघ."

त्यांनी दोन स्वच्छ रुमाल आणले होते. एकावर कल्पनावहिनींनी नव्याने करून दिलेलं लिंबूपाणी टाकलं होतं, दुसऱ्यावर कॅनमधलं पेय. दिवा लागला. दोन्ही रुमाल निळसर उजळले. धुण्याच्या पावडरीने पांढरं कापड तसं उजळतंच, असं बाई म्हणाल्या. लिंबूपाण्याचा डाग त्यावर दिसलाच नाही. दुसऱ्या रुमालावर मात्र काजव्यासारखा हिरवा ठिपका पेटून उठला.

मग त्यांनी बाकावर राहिलेल्या सबनीसांच्या पिशवीतून त्यांचा टॉवेल काढून उलगडला. दुसऱ्या गेमनंतर त्यांनी तोंड पुसलं होतं तो. एका कोपऱ्यावर तोच हिरवा रंग होता.

"म्हणजे आमचंच होतं," अर्णव पुटपुटला. "मग लोक बरोबर बोलतायत ना, आजी?"

"नीट विचार कर. तुझ्या आजोबांची साखर उतरायला लागली होती. त्यांनी औषध म्हणून बाटली तोंडाला लावली. गोड लागलं, आंबट लागलं. वाटलं, आता बरं वाटेल. पण पोटात साखर गेलीच नाही. उलट कॅफीनने हात आणखी थरथरायला लागले. म्हणून ते आणखी प्यायले. जे प्यायले त्याने ते पडले नाहीत. जे त्यात नव्हतं, त्याने पडले."

"पण भरलं कोणी?" अर्णवने विचारलं.

"ज्याच्या अंगावर कॅन उसळला, त्याने. गार नसलेला कॅन उघडला की फेस बाहेर येतो. हात पुसावे लागतात." बाईंनी कपाटातून दुसरी पिशवी काढली, कॅनव्हासची, कोपरे झिजलेली. तिचा मालक रविवारी रुग्णवाहिकेत बसून गेला तो पुन्हा इकडे फिरकला नव्हता. पिशवीत एक पंचा होता, घडी घातलेला.

दिव्याखाली पंच्याचा अर्धा भाग हिरवा पेटला.

"शिवाप्पा आजोबा?" अर्णवचा आवाज चिरकला. "शक्य नाही. त्यांनी स्वतः प्यायलं असेल ना. मी दिला होता त्यांना कॅन." तो थांबला. "नाही. मी दिला, तर म्हणाले, हे कसलं पाणी लेका, मी कॉफी पिणारा माणूस. आणि मग थोड्या वेळाने परत आले. म्हणाले, दोन दे, घरी नेतो."

"दवाखान्यात नर्स शुगर म्हणाली, तेव्हा ते काय ओरडले, आठवतंय?"

"त्यात साखरेचा कणसुद्धा नव्हता."

"तेव्हा साडेअकरा वाजले होते. तुझ्या कॅनचं नाव कोणाच्याही तोंडात आलं नव्हतं. जितूच्या बाटलीत गोड सरबत असतं, हे सगळ्या मंडळाला माहीत. मग साखर नव्हती, हे एकट्या शिवाप्पांना कसं माहीत?" बाईंनी दिवा बंद केला. "मला वाटलं होतं, आपण सगळे दुःखात काहीबाही बोलतोय."

"पण का, आजी? अकरा वर्षं तेच जिंकतायत! अजून काय हवं होतं त्यांना?"

वसुमतीबाईंनी पंच्याची पुन्हा घडी घातली.

६

मंगळवारी दुपारी शिवाप्पा दवाखान्याच्या मागच्या बाजूला, गुलमोहराखालच्या कट्ट्यावर बसलेले सापडले. दोन दिवस ते घरी गेले नव्हते. त्यांच्या पत्नी चंद्राबाई डबा आणत आणि तसाच परत नेत.

वसुमतीबाई शेजारी बसल्या. पंचा त्यांनी मांडीवर ठेवला.

"अण्णा, लिंबूपाणी कुठे ओतलंत?"

शिवाप्पांनी पंच्याकडे पाहिलं. दचकले नाहीत. कोणीतरी विचारावं म्हणूनच जणू ते तिथे बसले होते.

"मोरीत," ते म्हणाले. "जितू व्हरांड्यात हातपाय मोकळे करत होता, तेव्हा."

"का?"

"अक्का, तुम्ही खुर्चीवरनं बघता. मी समोरनं बघतो. पहिल्या गेमला तो अजून तोच आहे. तोच फोरहँड, तीच शिवी. पण तिसऱ्या गेमपासनं दमतो, गळतो. मी सोपे चेंडू टाकतो, तेबी सोडतो. अकरा वर्षं मी जिंकतोय नव्हं, मी एकटाच खेळतोय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मला तो ऐंशी सालचा जितू पाहिजे होता. एक दिवस. पोरानं सांगितलं, हे प्यायलं की एनर्जी येते, आणि साखर मुळीच नाही. मला ठाऊक होतं, ह्याला शुगर आहे. गोळ्या घेतो म्हणायचा. म्हटलं, शुगरच्या माणसाला कल्पनावहिनी साखरेचं पाणी कशाला देतात? हे त्यापेक्षा बरं. सांगितलं असतं तर नको म्हणाला असता. म्हणून ओतलं, भरलं. सांगणार होतो, तो जिंकल्यावर."

"इन्सुलिन घेतात ते. नऊ वर्षं."

शिवाप्पांनी मान वर केली. "नऊ?"

"ते लिंबूपाणी त्यांचं औषध होतं."

दवाखान्यात कोणीतरी कन्नडमध्ये नावं पुकारत होतं.

"नर्सनं कमी म्हटलं तेव्हाच मला कळलं, काहीतरी मी केलंय," ते शेवटी म्हणाले. "काय, ते कळत नव्हतं. सांगायला तोंड उघडत नव्हतं. आणि तिकडं पोराचं नाव खराब होतंय, तेबी ऐकत होतो. सरी, अक्का, ठीक आहे. चला. पोलिसांकडं म्हणाल तर पोलिसांकडं."

"आधी ग्रुपवर अर्णवचं नाव मोकळं करा. मग जायचं कुठे, ते जितू ठरवील."

तेवढ्यात व्हरांड्यातून देवश्री जवळजवळ पळतच आली.

"मावशी, बाबा जागे झालेत! बोलतायत. आईंना म्हणाले, सामना कोण जिंकलं?"

७

दोन दिवसांनी सबनीसांना साध्या खोलीत हलवलं. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चालता येईल, खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मंडळाच्या ग्रुपवर शिवाप्पांनी चार ओळींत सगळं कबूल केलं होतं. तक्रारीची भाषा करणाऱ्यांपैकी तिघांनी अर्णवची माफी मागितली, बाकीचे गप्प झाले. या गडबडीत कंपनीने त्याला घरी बसवलं होतं, तिथूनही परत कामावर बोलावणं आलं होतं.

शिवाप्पा खोलीत आले ते दारातच उभे राहिले. सगळं सांगून झालं तरी ते आत येईनात. कल्पनावहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

सबनीसांनी छताकडे बघत विचारलं, "वसू, मी पहिल्यांदा प्यायलो कधी?"

"दुसऱ्या गेमनंतर."

"म्हणजे ते दोन गेम माझे."

"तुमचेच. एकवीस-सतरा, एकवीस-एकोणीस."

सबनीसांनी एक लांब श्वास सोडला. मग दाराकडे मान वळवली.

"ऐकलंस का रे? तुझ्या त्या डब्याशिवाय घेतले."

"जितू, मला माफ..."

"थांब. मला बोलू दे. तू चूक केलीस, मोठी केलीस. मेलो असतो मी. पण तुला माहीत असतं तर केली असतीस का? नाही. आणि माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते विचार."

"का?"

"नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा साखर अशी उतरली, तेव्हा घरी कोणी नव्हतं. बेल वाजली. दार उघडलं तर समोर तू. हातात बेळगावचा कुंदा. मी बघतोय तुझ्याकडे आणि मला तुझं नाव येईना." सबनीसांचा आवाज बारीक झाला. "चेहरा ओळखीचा, माणूस माझा, एवढं कळतंय. नाव नाही. अडतीस वर्षांनंतर. अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मग मी म्हटलं..."

"या, बसा," शिवाप्पा म्हणाले.

"आठवतंय तुला?"

"आठवतंय की. आयुष्यात एकदाच मला अहो-जाहो केलंस. मी केवढा हसलो. म्हटलं, जितू नाटक करतोय." त्यांनी दाराची चौकट धरली. "घरी जाऊन चंद्राबाईला पण सांगितलं. दोघं हसलो."

"तू कुंद्याचा डबा उघडलास, मी दोन घास खाल्ले आणि नाव परत आलं. तेव्हाच ठरवलं, ह्याला हे कधी कळता कामा नये."

कल्पनावहिनींनी खिडकी सोडली, पलंगाजवळची खुर्ची बाहेर ओढली आणि साखर तपासायचं यंत्र, सुया, पट्ट्या असा सगळा सरंजाम टेबलावर मांडला.

"इकडे या, भावजी," त्या म्हणाल्या. "बोट कसं टोचायचं ते शिकून घ्या. सत्तरच्या खाली आकडा आला की साखर द्यायची. साधी, घरातली साखर."

शिवाप्पा आत आले, खुर्चीवर बसले. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि मित्राचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कुठलं बोट?" त्यांनी विचारलं.